टीसी सोमवारी मिळेल

आमच्या कॉलेजच्या पत्रकारिता विभागाचं माहितीपत्रक मी लिहिलेलं आहे. त्याच्या शेवटच्या पानावर 'करिअरच्या संधी' असा मथळा आहे आणि त्याखाली अकरा नावं आहेत. वार्ताहरापासून सुरू होतात आणि प्राध्यापकावर संपतात. मध्ये उपसंपादक, वृत्तनिवेदक, जनसंपर्क अधिकारी, माहितीपट निर्माता असं बरंच काही आहे. मूळ यादी नऊचीच होती. विभागप्रमुख म्हणाले, पान मोकळं दिसतंय, अजून दोन टाका. मी टाकली. परभणीत बसून माहितीपट कोण काढणार आणि तो बघणार कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

मी याच विभागात शिकलो. माझ्या सरांनीही अशीच यादी फळ्यावर लिहिली होती आणि मी ती वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती. पदवीनंतर मी मानवतला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो. तालुक्यात आम्ही नऊ वार्ताहर आणि बातमी लिहिणारा एक. तो लिहून ग्रुपवर टाकायचा. बाकीचे आठ जण वरचं वाक्य खाली, खालचं वर करून आपापल्या दैनिकाला पाठवायचे. एकदा वीज पडून एक म्हैस दगावली आणि लिहिणाऱ्याने गावाचं नाव चुकवलं. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ पेपरांत म्हैस भलत्याच गावात मेली, आणि तलाठी पंचनाम्याला त्या गावी जाऊन आला. तो लिहिणारा मीच होतो. कुणी मला बोल लावला नाही, कारण बोल लावायला आपण स्वतः लिहिलेलं असावं लागतं.

पुढे एका वेब पोर्टलवर वर्षभर काढलं. ते पोर्टल निवडणुकीपुरतं होतं, निवडणूक झाली आणि ते बंद पडलं. मग फिरून विभागात आलो, तासिका तत्त्वावर शिकवायला. म्हणजे तास असेल तर आपण सर, नसेल तर रस्त्यावरचा माणूस. आडातच नव्हतं, तरी पोहरा म्हणून मला नेमलं. घरी आई होती, बायको होती, आणि दोघीही शेजारीपाजारी मला प्राध्यापक म्हणून सांगत होत्या.

आमचा विभाग विनाअनुदानित. दर वर्गाच्या पटावर वीस नावं असतील तर चालणार, नाही तर बंद. म्हणून बारावीचा निकाल लागला की आम्ही तासिकावाले मोटारसायकली काढून गावोगाव पोरं शोधत फिरतो. सगळ्याच कॉलेजांची माणसं फिरतात. या धंद्यात एकच नियम आहे. बोलणी झाली की मूळ कागदपत्रं त्याच दिवशी पिशवीत घालून आणायची. मार्कमेमो, टीसी, असेल ते सगळं. उद्यावर ठेवलं तर संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजचा माणूस येऊन घेऊन जातो. कागदपत्रं ज्याच्या पिशवीत, पोरगं त्याचं. आणि एकदा ती विभागाच्या कपाटात गेली की पोरगंही कुठं जात नाही. याला आम्ही प्रवेश पक्का करणं म्हणायचो. मी किती घरांतून अशा पिशव्या आणल्या याचा हिशेब नाही आणि त्यातल्या एकीचंही मला कधी काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी एकोणीस झाली होती. विसावं नाव शोधत मी येलदरी धरणाच्या अलीकडच्या एका गावात गेलो. कुणीतरी सांगितलं होतं की त्या घरातल्या मुलीला मराठीत चांगले मार्क आहेत. मुलीची आई ओसरीत पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. वडील खांबाला टेकून होते. ते सबंध वेळात एकदाच बोलले, "चहा ठिवा."

"सर, आमी तिला नर्सिंगला टाकायचं म्हणायलोत," आई म्हणाली. "माझ्या भाचीनं केलंय. जिंतूरला दवाखान्यात हाय ती. चार लोक विचारत्यात."

"मावशी, नर्सिंगला नंबर लागणं सोपं नाही. यादी कधी लागते, कधी नाही. तोवर वर्ष जातं. आमच्याकडं आज प्रवेश पक्का."

"पन ह्ये शिकून नौकरी लागंल नं?"

"लागंल की," मी म्हणालो. वर्गात मी 'लागेल' म्हणतो. गावात गेलं की माझी जीभ आपोआप तिकडची होते. आपल्या बोलीत सांगितलेलं खोटं लवकर पटतं, हे मला अनुभवाने माहीत होतं.

मी माहितीपत्रकाचं शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. मुलगी दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने ते पान वाचलं आणि विचारलं, "सर, यात लिहायचं असतंय का बोलायचं?"

"दोन्ही."

"मला लिहायचं हाय."

आईने हातातली टरफलं झटकली, आत जाऊन पेटीतून प्लास्टिकची फाइल आणली आणि माझ्याकडे दिली. देताना फाइलवरची धूळ पदराने पुसली. मी ती पिशवीत घातली, चहा घेतला आणि निघालो. परतीच्या वाटेवर मी विभागप्रमुखांना फोन करून सांगितलं, वीस झाली.

वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर ती यादी लिहिली, तेव्हा तिने हात वर केला. "सर, यातलं तुमी काय काय केलंत?"

वर्ग हसला. मीही हसलो. "पहिलं आणि शेवटचं," मी म्हणालो. तिने ते वहीत लिहून घेतलं. मला राग आला होता, पण दाखवायला जागा नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे एखाद्या पोरीने इतक्या साध्या प्रश्नात दाखवून द्यावं, याचा तो राग होता.

बातमीलेखनाच्या सरावाला मी मुलांना पूर्णा जंक्शनला घेऊन जायचो. दोन तास फलाटावर बसा आणि बातमी घेऊन या, एवढंच सांगायचो. दरवर्षी सगळे एकच लिहितात. अस्वच्छता, प्रवाशांची गैरसोय, प्रशासनाचं दुर्लक्ष. ही वाक्यं त्यांनी पेपरात वाचलेली असतात, आणि पेपरात ती माझ्यासारख्यांनीच लिहिलेली असतात. तिने वेगळं लिहिलं. गाडीचा फलाट ऐन वेळी बदलतो आणि बायाबापड्या गाठोडी घेऊन पुलावरून पळतात, हे सगळ्यांना दिसलं होतं. तिला हे दिसलं की घोषणा व्हायच्या आधीच चहावाला किटली उचलून पलीकडच्या फलाटावर निघतो. तिने त्याला जाऊन विचारलं, तुमाला कसं कळतं? तो म्हणाला, सिग्नल बघतो की. मग तिने लिहिलं होतं की जे चहावाल्याला दहा मिनिटं आधी कळतं ते प्रवाशांना दोन मिनिटं आधी सांगितलं जातं.

दीड पानाचा तो मजकूर मी स्टाफरूममध्ये दोनदा वाचला. इतक्या वर्षांत मला असं एकही वाक्य सुचलं नव्हतं. आनंद झाला आणि पोटात दुखलंही, दोन्ही एकदमच. मी तिला सांगितलं की तू या क्षेत्रात नाव काढशील. हे मात्र मी खोटं बोललो नव्हतो. तिची ताकद मला दिसत होती. ते क्षेत्र कुठे आहे, एवढंच मला माहीत नव्हतं.

तिचा मजकूर मी एका ओळखीच्या उपसंपादकाला पाठवला. चौथ्या दिवशी तो छापून आला. मथळा होता, 'प्रवाशांची तारांबळ, प्रशासनाचे दुर्लक्ष'. सुरुवातीला 'प्रतिनिधी' असं लिहिलेलं. ती पेपर घेऊन माझ्याकडे आली.

"सर, चहावाला काढला त्यांनी."

"जागा कमी असेल."

"आन् माझं नावबी न्हाई."

"अशा बातमीला नाव नसतं. प्रतिनिधी असतं."

"मग ह्ये माझं हाय, हे कुणाला कळंल?"

"तुला कळेल," मी म्हणालो. फार मोठं काहीतरी सांगितल्याच्या थाटात म्हणालो. तिने पेपरची घडी केली आणि गेली. पुढे कधीतरी तिने नर्सिंगचा फॉर्म भरला. ते मला बरंच नंतर कळलं.

तिचं दुसरं वर्ष सुरू होतं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा होता. विभागप्रमुखांनी मला बोलावून दार लावून घेतलं. "सोमवारी विद्यापीठाची समिती येतीये. पटावर वीस नावं आणि बाकांवर वीस डोकी पाहिजेत. त्याआधी कुणाचीही टीसी बाहेर गेली तर विभाग गेला. विभाग गेला तर मीही नाही आणि तुम्हीही नाही." कपाटाची चावी त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी ती बोटाने माझ्याकडे सरकवली. मला अडतिसावं लागलं होतं. त्या वयात, माझ्या अनुभवाच्या जोरावर, मला परभणीत कुणी उभं केलं नसतं. मी चावी खिशात टाकली.

गुरुवारी ती आली. मोबाइलवरची यादी तिने माझ्यासमोर धरली. नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता.

"शनिवारी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचंय सर. टीसी पायजे होती."

मी अभिनंदन केलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. "पत्रकारितेत मन लागेना का?"

"तसं न्हाई सर. लिहायला लय आवडतं. पन आवडतंय म्हणून घरी किती दिवस सांगू?"

उत्तर नसलं की सरकारी माणूस जे करतो ते मी केलं. "टीसी लिहिणारे बाबू रजेवर आहेत," मी म्हणालो. "टीसी सोमवारी मिळेल."

"सोमवारी घेऊन काय करू सर? शनिवार शेवटचा हाय."

"मी नांदेडला बोलतो. एकदोन दिवस मागंपुढं चालतं."

नांदेडला मी कुणालाही ओळखत नव्हतो. बाबू रजेवर नव्हते, दोन खोल्या पलीकडे सुपारी कातरत बसले होते. ती "बरं सर" म्हणून गेली. विद्यार्थी आपल्यावर एवढा विश्वास ठेवतात, याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा त्रास झाला.

शुक्रवारी सकाळी वरच्या मजल्याच्या खिडकीतून मला ती फाटकातून येताना दिसली. शिपाईमामांशी बोलत थांबली. मी मागच्या जिन्याने उतरलो, गाडी काढली आणि मानवतला गेलो. काम काहीच नव्हतं. बाजार समितीसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. माझे जुने सोबती हॉटेलात बसले होते. एक जण बातमी टाइप करत होता आणि बाकीचे ती यायची वाट बघत चहा पीत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, म्हणाले, प्राध्यापकसाहेब आले. माझा फोन वाजत राहिला. मी आवाज बंद केला.

दुपारी तिचा मेसेज आला. 'सर, कपाटाची चावी तुमच्याजवळ आहे असं शिपाईमामा म्हणाले. बाबू ऑफिसातच आहेत. मी विभागासमोर पाच वाजेपर्यंत थांबते.'

मी तो कितीदा वाचला सांगता येत नाही. कोण, काय, कुठे, कधी, सगळं होतं त्यात. फक्त 'का' नव्हतं. मीच शिकवलं होतं की का ते माहीत नसेल तर आपल्या मनाचं लिहायचं नाही. तीन वाजले होते. मानवतहून निघालो असतो तर चारपर्यंत पोचलो असतो. कपाट उघडून, बाबूंची सही घेऊन, तिच्या हातात कागद ठेवायला अर्धा तास लागला असता. मी अजून एक चहा सांगितला.

शनिवारी मी घरीच होतो. पाच वाजता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि सुटल्यासारखं वाटलं. या वाक्याची मला लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

सोमवारी समिती आली. तीन जण होते. शाल, नारळ, पोहे, सगळं झालं. वीस डोकी भरतात का म्हणून मी जीव मुठीत धरून होतो. ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो आणि भावाच्या पोराला तिच्या जागी बसवायची तयारीही ठेवली होती. पण ती आली आणि पहिल्या बाकावर बसली. समितीतल्या एका बाईंनी नेमकं तिलाच उभं केलं. "पत्रकारिता का निवडलीस?"

विभागप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. ती आता काहीही बोलू शकली असती. शुक्रवारी पाचपर्यंत ती कुठे उभी होती, एवढं नुसतं सांगितलं असतं तरी आमचं दुकान तिथेच बंद झालं असतं. मी तर मनातल्या मनात तयार झालो होतो.

"लिहायला आवडतं म्हणून," ती म्हणाली आणि खाली बसली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. विभागाला आणखी एक वर्ष मिळालं.

समितीची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी कपाट उघडलं, तिची फाइल काढली आणि व्हरांड्यात तिला गाठलं. "अर्ज दे, आत्ता टीसी करून देतो."

तिने फाइलकडे बघितलं, हात पुढे केला नाही. "आता कुठं दाखवू सर ती? ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच." आवाज चढलेला नव्हता. तिने मला शिव्या दिल्या असत्या, रडली असती, प्राचार्यांकडे गेली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, निदान हात तरी जोडता आले असते.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. उचलला नसता तर त्या स्वतःच आल्या असत्या, तिथून इथे यायला एकच एसटी लागते, म्हणून उचलला.

"सर, पोरगी सांगायली व्हती," आई म्हणाली. "तुमी लय पळापळ केली म्हणं तिच्यासाठी. त्या बाबूच्या घरी दोनदा जाऊन आलात, नांदेडला फोन लावले. तुमी तरी किती करताल? आपल्याच नशिबात न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकायलात नं सर?"

"हो मावशी."

"पोरीवर ध्यान ठिवा. तिथं तुमच्याबिगर तिचं कोन हाय?"

आजवर त्या मुलीने न बघितलेली एकही गोष्ट वहीत लिहिली नव्हती. बाबूचं घर, दोन खेपा, नांदेडचे फोन, सगळं तिने रचलं होतं, आणि इतकं बारकाईने रचलं होतं की क्षणभर मलाही ते मी केल्यासारखं वाटलं. माझी लाज झाकावी म्हणून तिने हे केलं असेल, असंही एकदा मनात आलं. माणूस स्वतःला किती मोठा समजतो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या तासाला ती सगळ्यांच्या आधी आली. वर्गात दोघंच होतो. मी विचारलं, "आईला तसं का सांगितलंस?"

ती वही काढत होती. "खरं सांगितलं असतं तर आईनं इथूनबी काढलं असतं सर," ती म्हणाली. "तिकडचं तर गेलंच. मग घरी बसून काय करू?" तोवर बाकीची मुलं आत यायला लागली, आणि मी हजेरी घ्यायला सुरुवात केली.